घरातली झाडं वीसच्या पुढे गेली की… : सांगली-साताऱ्याच्या हवेतली इनडोअर बाग

कृष्णाकाठ (सांगली)

पाच झाडं असतात तोवर लाड चालतात. मनी प्लांटला सोमवारी, स्नेक प्लांटला आठवलं की, पीस लिलीनं मान टाकली की. वीस-पंचवीस कुंड्या झाल्या की हे जमत नाही. प्रत्येक कुंडी वेगळ्या नर्सरीतून, वेगळ्या मातीत, वेगळ्या मापात आलेली असते. एक तीन दिवसांत वाळते, शेजारची पंधरा दिवस ओली. पाणी मात्र रविवारी सगळ्यांना एकदम. घरात मरणारी झाडं बहुतेक तहानेनं मरत नाहीत, ओलीनं मरतात.

म्हणून मुद्दा एकच: संग्रह वाढवायचा तर आधी माती एक करा. जाती कितीही असोत, मिश्रण एक आणि कुंडीचा प्रकार एक. मग कुंडी किती दिवसांत वाळणार हे फक्त उजेडावर आणि मापावर ठरतं, आणि एका कुंडीत बोट घातलं की शेजारच्या दहांचा अंदाज येतो.

मिश्रण, १० लिटरच्या बादलीला (मापाला एकच डबा घ्या, वजनानं मोजू नका):

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४ लिटर
चाळलेलं गांडूळखत २ लिटर
परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) २ लिटर
नारळाच्या सोडणाचे किंवा पाइन सालीचे अर्धा-पाऊण इंची तुकडे २ लिटर
निंबोळी पेंड २ मुठी

बागेतली काळी माती यात अजिबात नाही. आपली माती उसाला सोनं आहे, कुंडीला नाही. ओली झाली की फुगते, मुळांजवळची हवा बाहेर घालवते. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट ताटलीत. वरून वाटतं भरपूर पाणी दिलं, आत गोळा कोरडाच.

कोकोपीटची ५ किलोची लादी भिजवल्यावर साधारण ६० ते ७० लिटर होते. ती धुवूनच वापरायची. काथ्या बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात मुरवलेला असतो, शिवाय त्यात पोटॅश आणि सोडियम असतंच. निथळणारं पाणी चहासारखं लाल न येता फिकट येईपर्यंत दोन-तीनदा धुवा. नीट करायचं असेल तर १० लिटर पाण्यात ४०-५० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात कोकोपीट रात्रभर बुडवा आणि पुन्हा साध्या पाण्यानं धुवा. हे केलं नाही तर कोकोपीट तुमच्या खतातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःच धरून ठेवतं आणि नवी पानं वेडीवाकडी येतात. कॅल्शियम नायट्रेट ठिबकवाल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं.

---

किल्ल्याखाली (सातारा)

मिश्रण सांगलीला ठीक. साताऱ्यात जून ते सप्टेंबर हे जड पडतं. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट की सहा इंची कुंडी दहा-बारा दिवस वाळत नाही, आणि यवतेश्वर-कासच्या बाजूला तर त्याहून जास्त. इथे कोकोपीट ३ लिटरवर आणा आणि एक लिटर भाताचं जळकं तूस घाला. जावळी-पाटणकडे गिरणीवर तूस मिळतं, तुमच्याकडे शिराळ्यात मिळेल. तूस काळं हवं, पांढरी राख नको. राखेनं मिश्रणाचा सामू (पीएच) वर जातो. जळकं तूसही वापरण्याआधी एकदा धुवून घ्या.

दुसरं, थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १५ च्या खाली उतरला की अॅग्लोनेमा, कॅलेथिया, डिफेनबेकिया यांची वाढ थांबते. अशा वेळी टाकीतलं गारठलेलं पाणी सकाळी सातला घातलं तर खालची पानं पिवळी पडतात. पाणी अकरा-बारानंतर, खोलीच्या तापमानाला आलेलं द्या, आणि कुंडी फरशीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवा. शहाबादी फरशी रात्री बर्फ होते.

---

विश्रामबाग (सांगली)

साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) फुकट मिळते. गांडूळखताऐवजी चालेल का?

---

कृष्णाकाठ (सांगली)

ताजी मळी अजिबात नाही. ती कुजताना तापते, आणि त्या उष्णतेनं मुळं भाजतात. उरलेल्या साखरेला मुंग्या लागतात, वासही सुटतो. सहा-आठ महिने ढिगात पूर्ण कुजून, गार होऊन, मातीसारखी भुसभुशीत झालेली मळी गांडूळखताच्या निम्म्या मापानं घ्या, म्हणजे बादलीला १ लिटर. उरलेलं १ लिटर गांडूळखतच. गॅलरीतल्या जास्वंदीला सगळी मळी चालते, घरातल्या फिलोडेंड्रॉनला नाही.

---

हिरवाचुडा

कुंडीच्या तळाशी खडी घालायची ना निचऱ्यासाठी? नर्सरीवाले घालतात.

---

मातीशास्त्र

घालू नका. हा गैरसमज जुना आणि चिवट आहे.

बारीक कणांच्या मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या दगडांत सहजासहजी उतरत नाही. वरचा थर पुरता चिंब होईपर्यंत ते तिथेच लटकून राहतं. म्हणजे जो ओला पट्टा एरवी कुंडीच्या तळाशी असता तो खडीमुळे दोन इंच वर, नेमका मुळांत येतो. घरी पाहायचं असेल तर भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळेल. तळाच्या ओल्या पट्ट्याची उंची स्पंज कसाही धरला तरी साधारण तेवढीच राहते, म्हणून उंच आकारात ओला भाग प्रमाणानं कमी असतो. कुंडीचंही तसंच. बुटक्या पसरट कुंडीपेक्षा त्याच मिश्रणाची उंच कुंडी जास्त हवेशीर राहते.

निचरा हवा असेल तर खडी मिश्रणातच मिसळा, थर देऊ नका. छिद्रावर नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा पुरतो. विटांचे तुकडे वापरत असाल तर स्वच्छ विटेचेच, चुन्या-सिमेंटच्या गिलाव्याचे नकोत.

आणि माप. मुळांच्या गोळ्यापेक्षा नवी कुंडी फक्त दीड-दोन इंच रुंद हवी. चार इंची रोप थेट दहा इंची कुंडीत गेलं की मुळं पोचत नाहीत त्या भागातलं पाणी कुणी पीत नाही. ते तसंच राहतं, हवा संपते, कुज तिथून सुरू होते.

---

किल्ल्याखाली (सातारा)

+१. यात एक भर. बाहेरगावच्या रोपवाटिकांतून येणारी रोपं बहुतेक लाल चिकट मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा तसाच नव्या मिश्रणात बसवला तर बाहेरचं भराभर वाळतं आणि आतला गोळा एक तर दगड, नाही तर चिखल. रोप आणल्यावर गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, बोटांनी हलक्या हातानं माती सोडवा, निदान दोन-तृतीयांश माती निघाली पाहिजे. मुळांच्या मधोमध प्लास्टिकची जाळी किंवा रोपाची छोटी टोपली अडकलेली असते, ती कात्रीनं कापून काढा. हे काम जून-जुलै किंवा फेब्रुवारीत. एप्रिल-मेच्या सांगलीत मुळं हलवलेलं झाड सावरत नाही.

---

दुपारचं_ऊन (मिरज)

उजेडाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण पाणी किती लागणार हे आधी उजेड ठरवतो.

"उत्तरेच्या खिडकीला ऊन येत नाही" हे वाक्य युरोपातल्या पुस्तकातलं. सांगली १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, सातारा साधारण १७.७ वर. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. मार्चअखेरपासूनच तो ईशान्येकडे उगवून वायव्येकडे मावळायला लागतो. त्यामुळे मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ चक्क तिरपं ऊन येतं, आणि वर्षभर सावलीत वाढलेल्या कॅलेथियाची पानं कागदासारखी भाजतात. उलट दक्षिणेच्या खिडकीत मेमध्ये ऊन जवळपास नसतं, पण डिसेंबरमध्ये ते खोलीत पाच-सहा फूट आत शिरतं. वर्षातून दोनदा कुंड्यांच्या जागा बदलायच्या, होळीच्या सुमारास आणि दसऱ्याला.

पश्चिमेची खिडकी मार्च ते मे सांगलीत भट्टी. तिथे पांढरा पातळ पडदा लावा, नाही तर जेड आणि स्नेक प्लांटच ठेवा. तेही आठवडाभर सवय लावून, रोज थोडं जास्त ऊन देत.

मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं अॅप घ्या. चूक थोडीफार असते, पण दोन जागांची तुलना बरोबर येते. दुपारी बारा-एकला, पानाच्या उंचीवर, फोन खिडकीकडे तोंड करून धरा. ५०० ते १००० लक्सला झामिया (झेडझेड प्लांट) आणि स्नेक प्लांट जगतात, वाढत नाहीत. २००० ते ५००० ला मनी प्लांट, सिंगोनियम, अॅग्लोनेमा, पीस लिली समाधानी. १०,००० च्या आसपास मॉन्स्टेराची पानं फाटायला लागतात, होया फुलायचा विचार करतो. उघड्यावरचं दुपारचं ऊन लाखाच्या घरात असतं, त्यामुळे आपल्या डोळ्यांना "लख्ख" वाटणारा हॉलचा कोपरा झाडाला अंधारच असतो. खिडकीपासून सहा-सात फुटांवर बहुतेक घरांत आकडा काहीशेच भरतो.

फोन नसेल तर हाताची सावली पाहा. कागदावर एक फुटावरून हात धरला आणि सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड भरपूर. पुसट आकार दिसला तर मध्यम. सावलीच पडत नसेल तर तिथे झाड नको, गणपतीचं मखर ठेवा.

---

विश्रामबाग (सांगली)

स्पायडर प्लांट, ड्रॅसिना आणि कॅलेथिया, तिन्हींची टोकं तपकिरी. पाणी बोअरचं. मातीवर पांढरा थर येतो. हवा कोरडी म्हणून असेल का?

---

मातीशास्त्र

पांढरा थर म्हटलात तिथेच उत्तर आलं. क्षार. वाळवा, मिरज, पलूसच्या क्षारपड पट्ट्यात जमिनीचं जे झालंय तेच तुमच्या कुंडीत चाललंय: पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, दर पाण्याला थोडं वाढतं. टोकं आधी जळतात कारण पाण्याबरोबर वर चढलेले क्षार पानाच्या शेवटी साचतात. एप्रिल-मेची कोरडी हवा त्यात भर घालते, मूळ कारण ती नाही.

दोनशे-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. २०० च्या आत असेल तर निर्धास्त. ५०० च्या पुढे तुम्ही सांगितलेली तिन्ही झाडं कुरकुरतात. हजाराच्या पुढे मनी प्लांटही.

धुणं असं: कुंडी मोरीत ठेवा. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी, म्हणजे २ लिटरच्या कुंडीला ४ ते ६ लिटर, सावकाश, पंधरा-वीस मिनिटांत तीन हप्त्यांत ओता. पूर्ण निथळू द्या. वरचा पांढरा अर्धा इंच थर आधीच खरवडून टाका. तीन महिन्यांतून एकदा, आणि शक्य असेल तर या कामाला पावसाचं पाणी.

बाकी पाण्यांचं असं आहे. आरओचं गाळलेलं पाणी चालतं, आरओच्या नळीतून वाया जाणारं अजिबात नाही, त्यात क्षारांचं ओझं आणखी वाढलेलं असतं. त्यानं फरशी पुसा. एसीचं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं, ते चालतं. वॉटर सॉफ्टनरचं पाणी नको, ते कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतं. रात्रभर बादलीत ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडतो, क्षार तसेच राहतात, एवढं लक्षात घ्या.

जळलेलं टोक कात्रीनं कापताना तपकिरी भागाची एक बारीक कड ठेवा. हिरव्यात कापलंत तर नवी कड पुन्हा वाळते.

---

द्राक्षबागायत (तासगाव)

मातीशास्त्र, यात लोहाची कमतरता पण येते. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर समजायचं. पाण्याचा सामू चढा असला की माती भरपूर लोह धरून बसते, झाडाला मिळत नाही. बागेत आम्ही करतो तेच इथे: मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेटेड (माती धरून ठेवू शकत नाही असं) लोह, अर्धा ग्रॅम लिटरला, महिन्यातून एकदा. ईडीटीए स्वस्त आहे पण सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही, त्यामुळं ते फवारणीलाच. जुनी पानं पिवळी आणि नवी हिरवी असतील तर लोह नव्हे, नत्र किंवा मुळाचा त्रास बघा.

---

हिरवाचुडा

खत किती? माझ्याकडे १९:१९:१९ आहे. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, अंड्याची टरफलं पण टाकते.

---

द्राक्षबागायत (तासगाव)

ताई, १९:१९:१९ एक ग्रॅम लिटरला, पंधरा दिवसांतून एकदा, आधी साधं पाणी देऊन मग. कोरड्या मातीत खत टाकलं की मुळं भाजतात. फेब्रुवारी ते एप्रिल आणि जून ते ऑक्टोबर. थंडीत आणि मेच्या उन्हात बंद. पाच ग्रॅमचा चमचा डोळ्यांनी मोजू नका, सोन्याच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा मिळतो.

बोअरचं पाणी असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यातून मिळतं, वेगळं लागत नाही. आरओ किंवा पावसाचं पाणी वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम लिटरला द्यावं. १९:१९:१९ आणि कॅल्शियम नायट्रेट एका बादलीत दाट मिसळू नका. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरून खाली पांढरे बसतात, झाडाला दोन्ही मिळत नाहीत.

चोथा आणि धुवण घरातल्या कुंडीत बंद करा. त्यानंच चिलटं होतात. टरफलं निरुपद्रवी, पण तशीच टाकलेली वर्षभरही तशीच राहतात.

---

पानमळा (सातारा)

चिलटांवरून: मातीवरून उडणारी ती बारीक काळी चिलटं म्हणजे बुरशीवरच्या माश्या. अळ्या वरच्या इंच-दीड इंचात राहतात, ओल संपली की मरतात. म्हणून उपाय पाण्याचाच: वरचा दीड इंच थर पूर्ण वाळू द्या, पुढचे दोन-तीन आठवडे पाणी खालून, ताटलीत वीस मिनिटं ठेवून, उरलेलं ओतून टाकत. पिवळे चिकट सापळे उडणाऱ्यांना धरतात, अळ्यांना नाही. डासांच्या अळ्यांसाठी मिळणारी बीटीआय या अळ्यांवरही चालते.

---

कृष्णाकाठ (सांगली)

कीड निघालीच आहे तर सगळं एका ठिकाणी लिहितो. संग्रह मोठा झाल्यावर खरा धोका रोगी झाडाचा नाही, नव्या झाडाचा. नवं रोप दुसऱ्या खोलीत २ ते ३ आठवडे वेगळं ठेवा. पानाची खालची बाजू, पेराचे सांधे आणि कुंडीच्या छिद्राजवळची मुळं तपासा. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. पानावर धूळ आहेसं वाटलं, पांढऱ्या कागदावर पान झटकलं आणि ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. खोडावर तपकिरी टिकल्या, नखानं निघतात, ती खवले कीड. पानावर चंदेरी ओरखडे आणि काळे बारीक ठिपके असतील तर फुलकिडे. हे घरात आले तर पंधरा दिवसांत सगळ्या फिलोडेंड्रॉनवर असतात.

पिठ्या ढेकूण: सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कानकाडीचा कापूस एकेका किड्यावर टेका. आधी एका पानावर लावून एक दिवस थांबा. मग निंबोळी तेल ५ मिली, पातळ साबण २ मिली, कोमट पाणी १ लिटर. क्रम महत्त्वाचा: आधी साबण आणि तेल घोटा, दुधासारखं झालं की थोडंथोडं पाणी घाला. आधी पाणी आणि मग तेल घातलं की तेल वर तरंगतं आणि पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी, शेवटच्यात नुसतं तेल जातं. पानं जळण्याचं हेच कारण. संध्याकाळी फवारा, सात-सात दिवसांनी तीनदा. एकदा मारून थांबलात तर अंड्यांतली पिढी परत हजर.

लाल कोळी मार्च ते मे, कोरड्या गरम हवेत. तिथे औषधाआधी पाणी: आठवड्यातून दोनदा पानांच्या खालच्या बाजूनं मोरीतल्या शॉवरचा जोरदार फवारा.

---

द्राक्षबागायत (तासगाव)

आणि कृपा करून, बागेतल्या गोदामातलं उरलेलं कीटकनाशक घरात मारू नका. इथे प्रत्येक घरात अर्धी बाटली पडलेली असते म्हणून सांगतोय. ते मोकळ्या रानासाठी असतं. बंद खोलीत लहान मुलं, पोपट, मासे सगळे असतात. जैविक हवंच असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी ५ ग्रॅम लिटरला, पावसाळ्यात संध्याकाळी. त्या बुरशीला दमट हवा लागते, एप्रिलमध्ये मारून पैसे वाया. आणि त्याच आठवड्यात बुरशीनाशक मारलं तर तीच मेली.

---

सदाशिव_गड (कराड)

स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं म्हणून आमच्याकडे बेडरूममध्ये सहा ठेवलीत. फायदा?

---

मातीशास्त्र

दिसायला छान दिसतं, एवढा. स्नेक प्लांट पानांची छिद्रं रात्री उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतं, हे खरं. पण ऑक्सिजन उजेडात पाणी फोडूनच तयार होतो, तो दिवसाच. हवा शुद्ध करण्याची कीर्ती नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून आली. तो लहान हवाबंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांची आकडेमोड पुन्हा झाली तेव्हा उघड्या खिडकीच्या तोडीचा परिणाम मिळवायला एका चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील असं निघालं. खिडकी उघडा.

---

हिरवाचुडा

घरात दीड वर्षाचं बाळ आणि मांजर. कोणती झाडं नकोत?

---

पानमळा (सातारा)

ज्यांना अळवाची खाज माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अॅग्लोनेमा, सिंगोनियम, पीस लिली, झामिया आणि डिफेनबेकिया ही सगळी अळू-सुरणाच्या कुळातली. चीकात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. चावल्यावर तोंड सुजतं, लाळ गळते. डिफेनबेकियाचा त्रास सगळ्यांत जास्त, तो काढूनच टाका. बाकीची हाताला न लागतील अशा उंचीवर. स्पायडर प्लांट, कॅलेथिया, बॉस्टन फर्न, अरेका पाम मांजराला त्रास देत नाहीत. अळूच्या कुळातली झाडं छाटल्यावर हात साबणानं धुवा, डोळ्याला बोट लावू नका.

---

विश्रामबाग (सांगली)

झामियाचे देठ बुडाशी मऊ झालेत. वाचेल का? आणि कापलेल्या जागी हळद लावू का? गावात हळद काही कमी नाही.

---

कृष्णाकाठ (सांगली)

गड्डा घट्ट असेल तर वाचतो. कुंडीतून काढा, मुळं नळाखाली धुवा. तपकिरी, ओढल्यावर साल सुटून दोरा उरतो ती मुळं कुजलेली. पांढरी किंवा फिकट आणि टणक ती चांगली. कात्री अल्कोहोलनं पुसून कुजलेलं सगळं कापा, गड्ड्याचा मऊ भागही, आत पांढरं लागेपर्यंत. दोन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर उघडं ठेवा. मग मावेल तेवढ्याच लहान कुंडीत, मिश्रणात परलाइट दुप्पट. पहिलं पाणी पाच-सहा दिवसांनी. खत दोन महिने नाही.

हळद लावल्यानं नुकसान नाही, पण काम करते ती वाळलेली कड. ओल्या कापावर हळद थापून लगेच मातीत गाडली तर हळदीसकट कुजतं. जुनं मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

---

किल्ल्याखाली (सातारा)

पाणी कधी द्यायचं त्याची एक नेमकी पद्धत, बोटावर विश्वास नसणाऱ्यांना. स्वयंपाकघरातला वजनकाटा. पाणी देऊन अर्धा तास निथळलं की कुंडी तोला आणि वजन चिकटपट्टीवर लिहून कुंडीलाच लावा. समजा सहा इंची कुंडी १५०० ग्रॅम भरली. पीस लिली, फर्न, कॅलेथिया हे १२५० ला मागतात. मनी प्लांट, मॉन्स्टेरा १००० ला. झामिया आणि स्नेक प्लांटला कुंडी वजन घटायची थांबल्यावर आणखी आठवडा. चार-पाचदा तोलल्यावर हातालाच वजन कळायला लागतं, काट्याची गरज उरत नाही.

शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीत आतली प्लास्टिकची कुंडी ठेवणाऱ्यांनो, पाणी दिल्यावर बाहेरचं भांडं रिकामं करा. कुजलेल्या झाडांत ही मंडळी बरीच असतात.

---

दुपारचं_ऊन (मिरज)

दिवाळीत आठ-दहा दिवस गावाला जाताना: सगळ्या कुंड्या खिडकीपासून चार-पाच फूट मागे, एकमेकींना खेटून. उजेड कमी म्हणजे तहान कमी. फक्त फर्न आणि पीस लिलीला वात. बादली कुंडीपेक्षा वर, लोकरीच्या नव्हे तर ॲक्रिलिकच्या विणायच्या दोऱ्याच्या दोन पदरांचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मिश्रणात दोन इंच खोल. सुती दोरा कुजतो. निघण्याआधी दोन दिवस चालवून पाहा, नाही तर परत आल्यावर हॉलमध्ये कृष्णेला पूर.

---

सदाशिव_गड (कराड)

मनी प्लांट काथ्याच्या काठीवर चढवलाय, पण पानं लहानच. मित्राकडे हातभर पानं आहेत.

---

पानमळा (सातारा)

काथ्याची काठी कोरडी असते, मुळं नुसती तिच्यावरून सरपटतात. पान मोठं व्हायला दोन गोष्टी लागतात: वर चढणं आणि हवाई मुळांना ओल. प्लास्टिकच्या अर्धा इंची जाळीची तीन इंच व्यासाची नळी करा, आत ओलं कोकोपीट आणि सोडणाचे तुकडे निम्मेनिम्मे भरा, मागच्या बाजूनं बंद करा. वेल पेरापाशी सैल बांधा, पान बांधू नका. नळीत वरून रोज अर्धा कप पाणी. तीन-चार पेरांनंतर फरक दिसायला लागतो. खाली लोंबणारा वेल कितीही खत घातलं तरी लहानच पानं देतो.

---

हिरवाचुडा

जूनमध्ये छाटण्या वाटायच्या आहेत. पाण्यात की मातीत? आणि झामियाच्या पानाला मूळ येतं म्हणतात, दोन महिने झाले, काहीच नाही.

---

कृष्णाकाठ (सांगली)

मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन: प्रत्येक तुकड्याला एक पेर हवंच, पेराशिवायचं नुसतं पान वर्षभर हिरवं राहील पण वेल होणार नाही. पेराच्या खाली बोटभर अंतरावर कापा. पाण्यात ठेवायचं तर पान बाहेर, पेर आत, पाणी आठवड्याला बदला, मुळं दोन इंच झाली की लगेच मातीत. सहा इंच होईपर्यंत थांबलात तर पाण्याची मुळं मातीत गेल्यावर मरतात आणि झाडाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वाटायच्या असतील तर सरळ धुतलेल्या कोकोपीट-परलाइटमध्ये निम्मेनिम्मे लावा, वर पारदर्शक पिशवी, रोज दहा मिनिटं उघडी.

पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर पोर हिरवंच येतं, पिवळी कड येत नाही. कड हवी असेल तर गड्डा फोडून फुटवा वेगळा करा.

झामियाच्या पानाला दोन महिने म्हणजे काहीच नाही. ते आधी मातीखाली वाटाण्याएवढा गड्डा करतं, मग मुळं, मग कधीतरी अंकुर. सहा महिने ते वर्ष धरा. पान हिरवं आणि ताठ असेल तर उपटून पाहू नका, दहा-बारा दिवसांनी चमचाभर पाणी घाला. वरचं पान पिवळं पडून गळलं तरी ती कुंडी टाकू नका. बऱ्याचदा गड्डा खाली जिवंत असतो.

---

हिरवाचुडा

आजच उपटून पाहणार होते. ठेवते तशीच.